अडचण कुठे गेली?

चित्रपटाचा सीक्वेल, म्हणजे दुसरा भाग, बघून बाहेर पडणाऱ्या माणसाला "कसा होता?" असं विचारा. उत्तर ठरलेलं आहे. "बरा आहे, पण पहिल्याची सर नाही." हा निकाल इतका पाठ झालाय, की दिवे मालवायच्या आधीच लोक तो खिशात घालून आत जातात. निकालाशी माझं भांडण नाही, तो बहुतेक वेळा बरोबरच निघतो. भांडण आहे ते त्यामागच्या कारणांशी. का सर नाही? तर म्हणे विनोद तेच तेच आहेत, कथेत नवीन काही नाही, आणि नुसता पैशासाठी काढलाय. यातलं शेवटचं कारण तर स्वतःच विनोदी आहे. पहिला काय धर्मादाय काढला होता?

मी बोलतोय ते कौटुंबिक विनोदी चित्रपटांबद्दल. म्हणजे आजीपासून नातीपर्यंत सगळे एका रांगेत बसून, कुणी कुणाचे डोळे न झाकता बघतात त्या. अशा चित्रपटात हसू येतं ते चुरचुरीत संवादांमुळे, असं आपल्याला वाटतं. पण मनापासून आवडलेला असा कुठलाही चित्रपट आठवून बघा, तळाशी एक साधी घरगुती अडचण सापडते. भाडं थकलंय. मूल घरीच विसरलंय. होणाऱ्या सासऱ्याला जावई पसंत नाही. अडचण खरी असते म्हणून माणसं येड्यासारखी वागतात, आणि ती तशी वागतात म्हणून आपण हसतो. शेवटी अडचण सुटते, मिठ्या मारून होतात, आपण डोळे पुसत उठतो.

सीक्वेलची गोची इथेच होते. तो ज्या घरात सुरू होतो, त्या घरात आता काहीच बिघडलेलं नसतं. पहिल्या भागाने सगळं निस्तरून ठेवलेलं असतं. मग कर्त्यांपुढे दोन वाटा उरतात. याच माणसांची पुढची अडचण शोधायची, किंवा अडचणीच्या जागी थाट आणायचा: मोठं शहर, मोठं घर, जास्त माणसं, जास्त आपटाआपटी. दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा होणार की नाही, हे माझ्या मते इथेच ठरतं. विनोद जुने की नवे, हा प्रश्न फार नंतरचा.

'होम अलोन' घ्या. ख्रिस कोलंबस यांनी दिग्दर्शित केलेला आणि जॉन ह्यूज यांनी लिहिलेला हा चित्रपट १९९० साली आला. आठ वर्षांच्या केव्हिनला घरी विसरून अख्खं खटलं नाताळच्या सुट्टीत पॅरिसला जातं, आणि घरावर दोन चोरांचा डोळा असतो. लोकांना आठवतात ते शेवटचे सापळे. पण मध्ये एक मोठा तुकडा आहे, ज्यात चोर जवळजवळ नाहीतच. एकटं राहायला मिळालं म्हणून आधी उड्या मारणारा हा पोरगा हळूहळू घर चालवायला लागतो. टूथब्रश विकत आणायला जातो. कपडे धुतो. तळघरातल्या भट्टीची त्याला भीती वाटते, ती आग ओकत त्याच्यावर गुरगुरते असं त्याला दिसतं. आणि एक दिवस कपडे धुता धुता तो तिला सरळ गप्प बसायला सांगतो. हे सगळं आपण बघितलेलं असतं, म्हणून चोर येतात तेव्हा ते केव्हिनने सांभाळलेल्या घरात शिरत असतात. त्याची हत्यारंही घरातलीच आहेत. इस्त्री, रंगाचे डबे, नाताळच्या झाडाला लावायचे काचेचे गोळे. मार्व्ह नावाचा चोर अनवाणी त्या गोळ्यांवर पाय देतो तेव्हा आपण कळवळतो आणि हसतो, दोन्ही एकदम.

दोन वर्षांनी दुसरा भाग आला. दिग्दर्शक तोच, लेखक तोच, पोरगा तोच, चोरही तेच. या वेळी केव्हिन चुकीच्या विमानात बसून न्यूयॉर्कला पोचतो. आणि पोचतो तो बापाची बॅग घेऊन, ज्यात रोकड आहे आणि क्रेडिट कार्ड आहे. पंचतारांकित हॉटेल, लांबलचक गाडी, गाडीत बसून पिझ्झा. बघायला मजा येते, नाही कशाला म्हणू. पण पोराला आता कशाचीच ददात नाही. कपडे धुवायला हॉटेल आहे, गुरगुरणारी भट्टी कुठेच नाही. आणि शेवटची मारामारी होते ती काकांच्या रिकाम्या घरात. काका पॅरिसला, घर दुरुस्तीला काढलेलं. चोर तिथे चोरी करायला येतच नाहीत, केव्हिनच त्यांना मागे लावून घेऊन येतो. ते एका खेळण्यांच्या दुकानातले मुलांच्या इस्पितळासाठी जमा झालेले पैसे लांबवत असतात, त्यामुळे कारण नेक आहे, हे मान्य. पण पहिल्या भागात तो घर राखत होता. दुसऱ्यात तो शिकार करतो. गच्चीवरून खाली उभ्या मार्व्हच्या कपाळावर तो एकामागोमाग एक विटा फेकतो. पहिली वीट लागते तेव्हा हसू येतं. पुढच्या विटांना मी तरी मोजत बसलो होतो.

हे दोन्ही भाग मी भाचीबरोबर लागोपाठच्या दोन रात्री बघितले. ती आठ वर्षांची, म्हणजे केव्हिनच्याच वयाची. पहिल्या रात्री ती माझ्या दंडाला धरून बसली होती. दुसऱ्या रात्री विटांचा प्रकार चालू असताना तिने अचानक विचारलं, "मामा, हे घर कुणाचंय?"

"त्याच्या काकांचं."

"मग काका कुठेयत?"

"पॅरिसला."

"बरं," म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली. पहिल्या रात्री घर कुणाचं हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. समीक्षकाने चार पानं लिहून सांगितलं असतं ते तिने तीन शब्दांत विचारलं.

आता माझ्या मुद्द्याला अडचणीत आणणारी गोष्टही सांगतो. पंधरा दिवसांनी तिला पुन्हा चित्रपट बघायचा होता, आणि तिने मागितला तो दुसरा. खेळण्यांचं दुकान आणि हॉटेल बघायचं होतं म्हणे. लहान मुलांना वैभव आवडतं, आणि आवडलेली गोष्ट शंभरदा बघायला त्यांना कंटाळा येत नाही. "पहिल्याची सर नाही" हे प्रौढांचं दुःख आहे. तिच्या हिशेबात दुसरा भाग अजिबात कमी नाही, आणि तिला चूक ठरवणारा मी कोण? फक्त एवढंच नोंदवतो, की दुसऱ्या रात्री माझा दंड मोकळा होता.

तेच तेच विनोद आहेत, या तक्रारीकडे आता वळतो, कारण ती सगळ्यात जास्त ऐकू येते. याच दुसऱ्या भागात विमानतळावरचा एक प्रसंग आहे. कुटुंब मायामीला उतरलंय, सामान आलंय, आणि बॅगा हातोहात पुढे सरकतायत. ही केव्हिनला दे, ही केव्हिनला दे, असं म्हणत एक बॅग रांगेच्या टोकाला पोचते. टोकाला केव्हिन नाही. मग 'केव्हिन नाहीये' हे वाक्य त्याच रांगेतून उलटं परत येतं, आईपर्यंत. आई किंचाळते आणि धाडकन कोसळते. विनोद पहिल्या भागातलाच आहे. पोरगा पुन्हा विसरला, एवढाच. तरी तो पहिल्यापेक्षा मला जास्त हसवतो, कारण आपल्याला सगळं आधीच माहीत आहे आणि त्या बिचारीला नाही. पुनरावृत्ती हा विनोदाचा शत्रू असता तर तमाशातली मावशी पहिल्याच वर्षी घरी बसली असती. तोच विनोद पुन्हा चालतो, फक्त त्यात सापडलेलं माणूस खरोखर सापडलेलं हवं. आईची पाचावर धारण बसलीय, म्हणून ते चालतं. विटांचं चालत नाही, कारण फेकणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नाही.

या उलट 'पॅडिंग्टन'चा दुसरा भाग. पहिला २०१४ चा, दुसरा २०१७ चा, दोन्हींचे दिग्दर्शक पॉल किंग. पहिल्यात पेरूहून आलेल्या अस्वलाला लंडनमध्ये घर हवं होतं. ते मिळालं, म्हणजे अडचण संपली. दुसऱ्याची सुरुवात करताना लेखकांनी मोठं काही शोधलं नाही. अस्वलाला आपल्या ल्यूसी आंटला वाढदिवसाची भेट पाठवायची आहे, एवढंच. तिला आयुष्यभर लंडन बघायचं होतं आणि ते राहून गेलं. जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याला एक पुस्तक दिसतं, उघडलं की कागदाचं लंडन उभं राहतं असं. पुस्तक महाग, खिशात पैसे नाहीत. मग अस्वल काम शोधतं, न्हाव्याकडे घोळ घालतं, लोकांच्या खिडक्या पुसतं. आणि पुस्तक चोरल्याचा आळ येऊन थेट तुरुंगात जातं.

किती बारीक अडचण आहे बघा. एक पुस्तक. पण चित्रपट शेवटपर्यंत तिला सोडत नाही. तुरुंगात कैद्यांच्या कपड्यांच्या धुण्यात लाल मोजा जातो आणि सगळ्यांचे गणवेश गुलाबी होतात, हा विनोद कुठल्याही सिनेमात खपला असता. इथे तो जास्त लागतो, कारण ते अस्वल आधीच निर्दोष असून आत आलंय आणि आता अख्खा तुरुंग त्याच्यावर खवळणार आहे. अस्वलाला घरात ठेवून घेणाऱ्या ब्राऊन कुटुंबालाही एकेक छोटी गोष्ट वाटून दिली आहे. बाईंना पोहण्याचा नाद, साहेबांना उतारवयाच्या धास्तीने लागलेली योगासनं, पोराला वाफेच्या इंजिनाचं वेड, जे तो शाळेत लपवतो. सुरुवातीला हे सगळं नुसतं गमतीचं वाटतं. शेवटी दोन धावत्या गाड्यांच्या मध्ये साहेबांना पाय फाकवून उभं राहावं लागतं, तेव्हा कळतं की लेखकाने तो पैसा तासाभरापूर्वीच बँकेत टाकून ठेवला होता. ह्यू ग्रँट यात उतरती कळा लागलेल्या नटाचं काम करतात. त्यांनी इतकी धमाल इतर कुठे केल्याचं मला तरी आठवत नाही. हा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही. तो वरचढ आहे.

आपल्याला जवळचं उदाहरण हवं तर 'हेरा फेरी' आहेच. २००० सालचा प्रियदर्शन यांचा चित्रपट, मूळ मल्याळम 'रामजी राव स्पीकिंग'वरून केलेला. नात्यागोत्याचे नसलेले तीन पुरुष एका छपराखाली राहतात, म्हणून याला मी कौटुंबिकच म्हणतो, आणि ते कुटुंब एकत्र आहे ते केवळ कुणाकडेच पैसे नाहीत म्हणून. भाडेकरूने भाडं थकवलंय, घरमालक बाबूराव आपटे स्वतः कर्जात, आणि फोन वाजला की पलीकडून कुणीतरी मासे मागतंय. बाबूरावला विनोद करायचा नाहीये. त्याला झोपायचं आहे. त्याची चिडचिड शंभर टक्के खरी आहे, म्हणून जाड भिंगांमागचे ते डोळे नुसते वर झाले तरी आपण फुटतो.

२००६ मधला 'फिर हेरा फेरी' सुरू होतो तेव्हा तिघे बंगल्यात राहतायत. सुरुवातीची ती श्रीमंती मला नेहमीच जड जाते. तेच नट, तेच टायमिंग, पण बाबूरावला आता आपण विनोदी आहोत हे कळलंय. पुढे पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनेत सगळं बुडतं, तिघे पुन्हा रस्त्यावर येतात, मागे गुंड लागतात, आणि बघा, चित्रपटाच्या अंगात लगेच जीव येतो. या भागातले संवाद आज लोकांच्या फोनमध्ये मीम्स होऊन फिरतायत, आणि बरेच जण हाच भाग जास्त चांगला मानतात. त्यांच्याशी मी वाद घालतो, पण जिंकत नाही. एवढं मात्र विचारतो, की आठवणारे प्रसंग बंगल्यातले आहेत की बंगला गेल्यानंतरचे?

काही लोक अडचण शोधण्याऐवजी गुणाकार करतात. 'फादर ऑफ द ब्राइड'मध्ये मुलीचं लग्न होतं, तर १९९५ च्या दुसऱ्या भागात मुलगी आणि आई एकाच वेळी गरोदर. 'फ्रीकी फ्रायडे'मध्ये आई आणि मुलीची शरीरं बदलली होती, तर बावीस वर्षांनी, २०२५ मध्ये, चौघींची बदलली. कोण कुणाच्या अंगात आहे हे लक्षात ठेवण्यातच माझी निम्मी ताकद गेली. दोनाचे चार केल्याने हसू दुप्पट होत नाही.

'झपाटलेला'ची गोष्ट वेगळी, आणि जरा हळवी. १९९३ मध्ये महेश कोठारे यांनी तात्या विंचूला पडद्यावर आणलं. लहानपणी आम्ही सगळे त्या बाहुल्याला घाबरलो आणि त्याच चित्रपटाला खदाखदा हसलोही. वीस वर्षांनी दुसरा भाग आला, थ्रीडीमध्ये. बाहुला पुन्हा आला, बाहुल्याचं वय वाढत नाही. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले होते. तेव्हा लक्षात आलं की आपण बाहुल्याला कधी हसलोच नव्हतो. हसत होतो ते त्याला बघून लक्ष्याची जी तंतरायची तिला. डोळे मोठे, आवाज चिरका, आणि कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून रडकुंडीला आलेला चेहरा. अडचण बाहुल्याची नव्हती, लक्ष्याची होती. थ्रीडीने बाहुला आणखी जवळ आणला. पण त्याला तसं घाबरणारं कुणी समोर उरलं नव्हतं.

नट हाताशी असूनही जुनं ओझं टाकून देण्याचं धाडस 'लगे रहो मुन्नाभाई'ने केलं. २००३ च्या पहिल्या भागात मुन्नाचं मेडिकल कॉलेज होतं, दुखावलेले वडील होते, डॉक्टर सुमन होती. २००६ मध्ये राजकुमार हिरानी यांनी ते सगळं न सांगता न सवरता गाळलं. बोमन इराणी पहिल्यात कॉलेजचे डीन होते, दुसऱ्यात भलताच माणूस, बिल्डर लकी सिंग. सुमनचं काय झालं, असं विचारायला कुणी उठलं नाही. मुन्ना आणि सर्किट तेवढे ठेवले, आणि मुन्नाला नवं खोटं दिलं: आपण इतिहासाचे प्राध्यापक आहोत. रेडिओवर बोलणाऱ्या एका तरुणीच्या आवाजाच्या प्रेमात पडून बोललेलं ते खोटं निभावायला त्याला गांधी वाचावे लागतात, आणि मग गांधी दिसायलाच लागतात. पहिल्या भागातली जादूची झप्पी इथे पुन्हा विकता आली असती. त्यांनी ती मागे ठेवली.

'इन्क्रेडिबल्स'चा दुसरा भाग चौदा वर्षांनी, २०१८ मध्ये आला. त्यातल्या खलनायकाचं नाव मला आज आठवत नाही. आठवतो तो बाप, ज्याला डोंगर हलवता येतात पण पोराचं शाळेतलं गणित सुटत नाही. बायको कामावर गेलीय, हा घरी तीन मुलांबरोबर, धाकटं रात्रभर झोपू देत नाही. तो एवढा भाग जरी वेगळा काढला तरी पहिल्याच्या शेजारी ताठ उभा राहील.

गल्ल्यावरून हे काही कळत नाही, हेही सांगून टाकतो. 'मीट द पेरेंट्स'ने अमेरिकेत १६ कोटी डॉलरच्या वर कमावले. त्याचा दुसरा भाग मला पसरट वाटला, आणि त्याने २७ कोटींच्या वर नेले. १९९३ चा 'ॲडम्स फॅमिली व्हॅल्यूज' पहिल्यापेक्षा कितीतरी धारदार. घरात नवं बाळ आलंय, थोरल्या दोघांना ते नकोय, आणि लाडका काका लग्न करून परक्या बाईच्या ताब्यात चाललाय. यापेक्षा घरगुती अडचण ती कुठली? पहिल्याने अमेरिकेत ११ कोटींवर कमाई केली होती, याने पाच कोटीही गाठले नाहीत.

हे आकडे बघितले की निर्मात्यांना शिव्या घालायची माझी हौस कमी होते. चार जणांचं कुटुंब एकत्र बाहेर पडतं तेव्हा त्याला धोका पत्करायचा नसतो. ओळखीचं नाव, ओळखीचे चेहरे, मुलांसमोर ओशाळायला होणार नाही याची हमी. ती हमी आपण मागतो, ते विकतात. 'तेच द्या' असं आपणच सांगायचं आणि दिल्यावर 'तेच दिलं' म्हणून नाकं मुरडायची, असा हा व्यवहार आहे. आणि 'तेच' म्हणजे काय, याचा अर्थ दोन्ही बाजू चुकीचा लावतात. आपल्याला हवी असते त्या माणसांची पुन्हा भेट. ते वाढून देतात ते त्या माणसांचे गाजलेले क्षण. ज्या मित्राने एकदा बहार उडवली त्याला प्रत्येक भेटीत तोच किस्सा सांगायला लावणारे लोक असतात, तसंच हे. मित्राला बिचाऱ्याला विचारायचं असतं, की तुमचं कसं चाललंय.

भाचीला मग मी 'पॅडिंग्टन'चा दुसरा भागही दाखवला. शेवटी दार उघडतं आणि दारात ल्यूसी आंट उभी असते. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून तिला आणलेलं असतं. अस्वल तिच्या गळ्यात पडतं. नावं सरकायला लागली, मी दिवा लावायला उठलो, तर भाची अजून पडद्याकडेच बघत होती.

"मामा, ती आता इथेच राहणार का?"

"माहीत नाही."

"आणि तिचं तिकडचं घर?"